ॲक्वामरीनचा पहिला स्फटिक घेताना: रंग सगळ्यांत शेवटी पाहा

ॲक्वामरीन घेणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एकाला अंगठीत बसवायला पैलू पाडलेला खडा हवा असतो, दुसऱ्याला खडकातून निघाला तसाच स्फटिक. खनिज एकच, पण हिशेब पूर्ण वेगळे. खड्यात रंग आणि नितळपणा मिळाला की काम झालं. स्फटिकात रंगाच्या आधी चार प्रश्न येतात: टोक शाबूत आहे का, बाजू मूळच्याच आहेत का, कुठे जोडकाम झालंय का आणि तो नेमका कुठल्या डोंगरातून आला. नवा संग्राहक हा क्रम बरोबर उलटा लावतो. निळा रंग दिसला की पाकीट बाहेर निघतं, बाकीच्या चौकशा नंतर सुचतात.

रंगाच्या मागे लागलं की स्फटिकाचं काय होतं याचं जुनं उदाहरण ब्राझीलमधलं आहे. १९१० साली मिनास जेराइस राज्यात माराम्बायाजवळ सुमारे ११० किलो वजनाचा, जवळजवळ अर्धा मीटर लांबीचा ॲक्वामरीन सापडला. इतका मोठा आणि इतका नितळ नग तेव्हा कुणी पाहिला नव्हता. तो बव्हंशी चिरून खडे करण्यात आले. रत्नबाजाराच्या दृष्टीने त्याचं सोनं झालं. संग्राहकाच्या दृष्टीने काय झालं ते सांगायला नको.

हा लेख दुसऱ्या पंथात नव्याने आलेल्यांसाठी आहे.

पायरी १: तो कसा घडतो ते समजून घ्या

ॲक्वामरीन म्हणजे बेरिल या खनिजाचा निळा ते हिरवट निळा प्रकार. बेरिलमध्ये बेरिलियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन असतो. बेरिलियम हे मूलद्रव्य वोक्लाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९८ साली बेरिल आणि पाचूमध्येच शोधलं. पाचू हाही बेरिलच. त्यातला हिरवा रंग क्रोमियम किंवा व्हॅनेडियममुळे येतो. गुलाबी बेरिलला मॉर्गनाइट, पिवळ्याला हेलिओडोर आणि रंगहीनाला गोशेनाइट म्हणतात. ॲक्वामरीनमधला निळा रंग लोहाचा. लोहाचं एक रूप निळा रंग देतं, दुसरं पिवळी छटा, आणि दोन्ही एकत्र असली की स्फटिक समुद्राच्या हिरवट निळ्याकडे झुकतो. सुमारे ४०० ते ४५० अंश सेल्सिअसला तापवलं की पिवळी छटा निघून जाते. खड्यांच्या व्यापारात हे सर्रास चालतं. संग्राहकाला मात्र हिरवट झाक असलेला स्फटिक कमी दर्जाचा वाटण्याचं काही कारण नाही.

आता हे खनिज वाढतं कुठे? बहुतेक चांगले स्फटिक पेग्मॅटाइट नावाच्या खडकात मिळतात. ग्रॅनाइटचा शिलारस थंड होत आला की शेवटी पाणी आणि दुर्मीळ मूलद्रव्यांनी भरलेला थोडासा भाग उरतो. तो भेगांमध्ये शिरून गोठतो, आणि त्यात अधूनमधून पोकळ्या राहतात. त्यांना 'पॉकेट' म्हणतात. पोकळीच्या भिंतीवर बुडखा रोवून स्फटिक आतल्या मोकळ्या जागेकडे वाढत जातो. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली तर पुढची निम्मी परीक्षा सोपी होते. स्फटिकाला एक बुडखा आणि एक मोकळं टोक असणं साहजिक आहे. बुडख्याकडचा भाग बऱ्याचदा गढूळ आणि टोकाकडचा नितळ असतो. शेजारी अभ्रक, अल्बाइट आणि मायक्रोक्लाइन (ही दोन्ही फेल्डस्पार गटातली खनिजं), धुरकट क्वार्ट्झ आणि काळा टुरमलीन ही मंडळी असतात. सगळं शेजार वेगळंच दिसलं तर थांबून विचार करायला हवा.

पायरी २: स्फटिक हातात घेऊन वाचा

दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक छोटा टॉर्च आणि पांढरा कागद एवढं सामान पुरतं. भिंग डोळ्याला भिडवून धरायचं आणि स्फटिक भिंगाजवळ आणायचा. नवे लोक उलटं करतात आणि मग काही दिसत नाही म्हणतात.

पहिल्यांदा आकार बघा. ॲक्वामरीनचा स्फटिक सहा बाजूंचा, न तासलेल्या पेन्सिलीसारखा असतो. वरचं टोक बहुधा सपाट, लांबीशी काटकोनात. कधी सपाट माथ्याच्या कडेने लहान तिरके पैलू असतात, आणि जितके ते जास्त व स्वच्छ तितका संग्राहक खूश. बाजूंवर टॉर्चचा उजेड तिरका टाका: लांबीच्या दिशेने जाणाऱ्या बारीक उभ्या रेघा दिसतील. क्वार्ट्झच्या बाजूंवरच्या रेघा आडव्या जातात, आणि क्वार्ट्झचं टोक निमुळतं असतं. या दोन खुणा लक्षात ठेवल्या तर निळसर क्वार्ट्झ ॲक्वामरीन म्हणून गळ्यात पडण्याचा धोका जवळपास संपतो. जवळपास म्हणतो, कारण काही ठिकाणचे ॲक्वामरीन पोकळीतल्या द्रवांनी नंतर कोरलेले असतात आणि त्यांची टोकंही निमुळती होतात. पण त्या कोरण्याच्या खुणा अंगभर दिसतात: खळगे, पायऱ्या, झिजलेल्या कडा. सपाट माथ्यावर भिंगातून सहा कोनांचे बारीक खळगे दिसले तर ती चांगली खूण समजा. असं नक्षीकाम नकली करणं कुणाला परवडत नाही.

मग कोन मोजा. जाड पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन कोनमापकाने त्यात अचूक १२० अंशांची खाच कापा. खाच दोन शेजारच्या बाजूंवर बसवून उजेडासमोर धरा. नैसर्गिक स्फटिकाच्या बाजू कमीजास्त रुंद असतील, सहाकोन चेपलेला दिसेल, पण कोन १२० अंशच भरतो. फटीतून उजेड येत असेल तर ती बाजू कुणीतरी घासून बनवलेली असू शकते. एका खनिजाच्या स्फटिकात पैलूंमधले कोन बदलत नाहीत हे स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने १६६९ मध्येच मांडलं होतं. साडेतीनशे वर्षांनीही नकली माल पकडायला तेच उपयोगी पडतं, आणि खर्च एका पुठ्ठ्याचा.

आता मोडतोड. इथे तीन गोष्टी वेगळ्या करायला शिका, कारण किंमत त्यावर ठरते. एक, ताजा टवका: चकचकीत, शिंपल्यासारख्या वळणाचा, कडा धारदार. तो खाणीत, वाहतुकीत किंवा दुकानात उडालेला असतो. दोन, भरून आलेली मोड: स्फटिक पोकळीतच मोडला आणि पुढे वाढत राहिला. अशा जागी असंख्य बारीक पैलू तयार होतात आणि स्फटिक हलवला की ते एकदम चमकतात. हा दोष मानत नाहीत. काहींना तर तो मुद्दाम हवा असतो. तीन, संपर्काची खूण: शेजारचा स्फटिक टेकला होता तिथे वाढ अडून राहिलेली जागा. तीही नैसर्गिकच, पण समोरच्या बाजूला असेल तर नगाचं देखणेपण कमी होतं.

टोकावरचा टवका सगळ्यांत महाग पडतो. बुडख्याला मोठा तुकडा गेलेला चालतो, टोकाच्या कडेला दोन मिलिमीटरचा टवका चालत नाही. हा नियम कुणाला अन्यायाचा वाटेल, पण बाजार तसाच चालतो आणि मला तो बरोबर वाटतो. स्फटिकाची ओळख टोकात असते.

पायरी ३: दिसायला सारखे, पण वेगळे

ॲक्वामरीनचा काठिण्यांक ७.५ ते ८ आहे. म्हणून काही पुस्तकी लोक ओरखडा काढून बघायला सांगतात. चांगल्या नगावर हे कधीच करू नका. त्याऐवजी वजन करा.

एक अचूक डिजिटल काटा घ्या. मॅट्रिक्स, म्हणजे स्फटिक ज्यावर वाढला तो खडक, नसलेला सुटा स्फटिक आधी कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा, स्फटिक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा लोंबता धरा आणि आकडा वाचा. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे विशिष्ट गुरुत्व, म्हणजेच तो पाण्याच्या किती पट जड आहे ते. समजा कोरडं वजन २७ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा १० ग्रॅम, तर उत्तर २.७. बेरिल साधारण २.७ च्या आसपास बसतो. निळा पुष्कराज ३.५ च्या पुढे जातो, अपाटाइट ३.२ च्या आसपास. त्यामुळे हे दोन भिडू लगेच बाद होतात. क्वार्ट्झ मात्र २.६५ आहे, आणि घरगुती काट्यावर एवढा फरक भरवशाचा नाही. तिथे रेघा आणि टोकच कामाला येतात. पुष्कराजाची आणखी एक खूण म्हणजे तो लांबीच्या आडव्या दिशेला साफ, आरशासारखा फुटतो. बेरिल तसा फुटत नाही.

दुसरी परीक्षा तर फुकटच आहे. लॅपटॉपचा एलसीडी पडदा पूर्ण पांढरा करा, खोलीतला दिवा घालवा, आणि पारदर्शक स्फटिक आडवा धरून पडद्याला समांतर हळूहळू फिरवा. पडद्याचा उजेड ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो. त्यामुळे एका स्थितीत स्फटिक निळा दिसतो आणि पाव वळसा दिला की फिका, कधी जवळपास रंगहीन, कधी किंचित हिरवट. पुन्हा पाव वळसा, पुन्हा निळा. फिक्या स्फटिकात हा बदल पुसट असतो, पण एकदा डोळ्याला सापडला की विसरत नाही. काच किंवा रंगवलेला क्वार्ट्झ कितीही फिरवला तरी ढिम्म राहतो. काचेत भिंगातून गोल, सुटे बुडबुडे दिसतात तेही बघून ठेवा. त्यांची गल्लत स्फटिकात अडकलेल्या द्रवाशी करू नका. ॲक्वामरीनमध्ये लांबीला समांतर बारीक पोकळ नळ्या आणि द्रवाचे कप्पे असतात, आणि ते असणं उलट चांगलं लक्षण आहे.

पायरी ४: जोडकाम आणि लबाडी

इथे वेळ काढा. पूर्णपणे बनावट ॲक्वामरीन स्फटिकापेक्षा खऱ्या स्फटिकावर केलेली कारागिरी बाजारात कितीतरी जास्त भेटते.

आधी हे मान्य करू की स्फटिक मोडतातच. पोकळ्या उघडायला सुरुंग लावतात, उंच डोंगरावरून माल पाठीवरून खाली येतो, हात निसटतात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्राझीलच्या पेद्रा अझुल भागात जवळजवळ मीटरभर लांबीचा ॲक्वामरीन निघाला. तो खाणकामगारांच्या हातून पडला आणि त्याचे तीन तुकडे झाले. सर्वांत मोठ्या तुकड्यातून बर्न्ट मुन्स्टायनर या जर्मन कारागिराने 'दोम पेद्रो' घडवला: ३५ सेंटिमीटर उंच, १०,३६३ कॅरटचा. आज तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. म्हणजे मोड ही या खनिजाच्या नशिबातच आहे. मोडलेला नग जोडणं गुन्हा नाही. न सांगणं हा गुन्हा.

धंद्यात दोन शब्द वापरतात, त्यातला फरक ध्यानात ठेवा. 'रिपेअर्ड' म्हणजे त्याच स्फटिकाचे तुकडे परत त्याच जागी चिकटवले. 'रिस्टोअर्ड' म्हणजे गेलेला भाग राळ भरून नव्याने बनवला. पहिला प्रकार उघडपणे सांगितलेला असेल आणि किंमत त्याप्रमाणे उतरलेली असेल तर बिनधास्त घ्या. दुसऱ्यात मी हात घालत नाही, निदान शिकाऊ माणसाने तरी घालू नये. तिसरा प्रकार थेट फसवणुकीचा: एका ठिकाणचा सुटा स्फटिक भलत्याच मॅट्रिक्सवर चिकटवायचा आणि 'मॅट्रिक्सवरचा स्फटिक' म्हणून कितीतरी पट भावाने विकायचा.

तो असा पकडा. स्फटिक खडकाला मिळतो त्या रेषेवर भिंग न्या आणि रेषेभोवती पूर्ण फेरी मारा. खऱ्या सांध्यात अल्बाइटची पातं स्फटिकाच्या अंगात घुसलेली असतात, कुठे स्फटिकाने अभ्रकाचं पान अर्धं गिळलेलं असतं. दोघं बरोबर वाढले हे दिसतं. खोट्या सांध्यात स्फटिकाच्या बुडाभोवती एक चकाकणारी बारीक किनार असते, किंवा अभ्रकाचा आणि फेल्डस्पारचा चुरा गोंदात कालवून थापलेला असतो. चुऱ्यातले अभ्रकाचे कण वाट्टेल त्या दिशेला तोंड करून बसलेले दिसतात, आणि तसला चुरा बाकीच्या नगावर कुठेच नसतो. फक्त तिथेच, जिथे लपवायचं आहे.

मग पायरी एकवर परत जा. स्फटिक मोकळ्या जागेकडे वाढतो. मग इथे नितळ टोक खडकात खुपसलेलं आणि बुडखा वर, असं का? हा उगाच कीस काढणं वाटेल, पण भूशास्त्राला न पटणारा नग बहुतेक वेळा माणसाने जुळवलेला निघतो.

३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च घ्या. अंधारात बरेचसे इपॉक्सी गोंद दुधट निळे चमकतात, तर लोहामुळे ॲक्वामरीन सहसा चमकत नाही. त्यामुळे सांध्यावर उजळ रेघ उमटली तर प्रश्न विचारायला हरकत नाही. पण टॉर्च काही बोलला नाही म्हणजे गोंद नाही असं समजू नका, न चमकणारे गोंदही असतात. आणि चमकलं ते सगळं गोंदच असंही नाही: सोबतचा फ्लोराइट चमकतो, नामिबियाच्या एरोंगोमधल्या नगांवरचा हायलाइट ओपल तर हिरवागार पेटतो. तसा उजेड खनिजाच्या कवचावर पसरलेला असतो, सांध्याच्या रेषेपुरता नाही. टॉर्च डोळ्यांवर मारू नका, अतिनील रोखणारा चष्मा वापरा.

घासलेले पैलू ओळखायचे तर पुठ्ठ्याची खाच आहेच. शिवाय भिंगातून बघा: मूळच्या पैलूवर उभ्या रेघा, खळगे, वाढीच्या पायऱ्या असं काहीतरी असतंच. एखादी बाजू किंवा माथा निर्दोष गुळगुळीत असेल, कडा किंचित गोलसर झाल्या असतील आणि उजेड तिरका केल्यावर समांतर ओरखडे एकाच तिरक्या दिशेने जाताना दिसत असतील, तर तिथे पॉलिश झालंय. टोकाचा टवका लपवायला माथाच घासून टाकणं ही फार जुनी युक्ती आहे.

तेल हा प्रकार नव्यांना सहसा माहीत नसतो. तडे गेलेला स्फटिक तेलात भिजवला की तडे दिसेनासे होतात आणि नग पाणीदार दिसतो. नग टिश्यू पेपरवर रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर तेलकट डाग दिसला की उत्तर मिळालं.

रंगाची लबाडी वेगळी. १९१७ साली ब्राझीलच्या माशिशे खाणीत गर्द, शाईसारखा निळा बेरिल सापडला. त्याचा रंग उजेडात हळूहळू उडत गेला. १९७० च्या दशकात फिक्या बेरिलवर किरणांचा मारा करून बनवलेला तसाच माल बाजारात आला, आणि त्याचाही रंग टिकत नाही. साध्या ॲक्वामरीनचा रंग उजेडात टिकाऊ असतो. म्हणून नीलमणी लाजेल इतका गडद स्फटिक कमी भावात कुणी देत असेल तर घाई नको. खरा गडद ॲक्वामरीन असतो, पण तो स्वस्तात मिळत नाही.

पायरी ५: ठिकाण विचारा, आणि उत्तरावर लगेच विश्वास ठेवू नका

ठिकाणाची नोंद नसलेला स्फटिक म्हणजे संग्राहकाच्या लेखी अर्धाच नग. मुख्य ठिकाणांची तोंडओळख असली की लेबल आणि नग एकमेकांशी जुळतात का ते कळतं.

गिलगिट-बाल्टिस्तान हे आज बाजारातलं मोठं नाव. शिगर खोऱ्यातले, दासू आणि हरामोशचे स्फटिक साधारण फिके निळे, सपाट माथ्याचे, पांढऱ्या अल्बाइटवर बसलेले. नगर भागातल्या चुमार बाखूरचे अभ्रकाच्या चंदेरी पानांत रुतलेले, कधी सोबत गुलाबी फ्लोराइट. या पट्ट्यातल्या लेबलांची गंमत अशी की त्यावर 'स्कर्दू' लिहिलेलं असतं, आणि स्कर्दू हे बऱ्याचदा माल विकला गेला ते गाव असतं, निघाला ते नव्हे. पेशावरच्या नमकमंडी या रत्नबाजारातून आलेला अफगाण माल आणि गिलगिट-बाल्टिस्तानचा माल एकाच टोपलीत मिसळला की विकणाऱ्यालाही धड सांगता येत नाही.

नामिबियाच्या एरोंगो डोंगरातले नग काळ्या टुरमलीनसोबत येतात, आणि काळ्यावर निळा ही जोडी इतकी ठसठशीत असते की एकदा बघितलेली ओळखू येते. व्हिएतनामच्या थान्ह होआ प्रांतातले स्फटिक रंगाने जोरकस, पण बऱ्याचदा कोरले जाऊन टोकाकडे निमुळते झालेले. चीनच्या सिचुआनमधल्या श्वेबाओदिंग पर्वतावरचा बेरिल लांब नसून चपट्या फरशीच्या घाटाचा, फिका किंवा रंगहीन, आणि शेजाराला शीलाइट व कॅसिटराइट ही खनिजं. अमेरिकेच्या कोलोरॅडोमधला माउंट अँटेरो ४,३०० मीटरहून उंच आहे. तिथले स्फटिक लहान असतात, पण मान मोठा. ॲक्वामरीन १९७१ पासून त्या राज्याचं अधिकृत रत्न आहे. ब्राझीलचं मिनास जेराइस तर आहेच. तामिळनाडूतल्या करूर आणि कांगेयम भागातूनही ॲक्वामरीन निघतो.

माइंडॅट या संकेतस्थळावर ठिकाणानुसार छायाचित्रं मिळतात. लेबलवरचं नाव तिथे टाका आणि आपल्या नगाचं शेजार, माथ्याचा घाट, मॅट्रिक्सचा पोत जुळतो का ते बघा. नुसता रंग जुळवत बसू नका, छायाचित्रातला रंग कधीच पुरावा नसतो.

पायरी ६: पहिला नग कोणता?

माझं मत स्पष्ट आहे: लहान, पण पुरा. संग्राहक आकाराचे ठोकळ गट करतात. थंबनेल म्हणजे एका इंचाच्या घनात मावणारा, मिनिएचर म्हणजे साधारण पाच सेंटिमीटरपर्यंतचा, त्यापुढे कॅबिनेट. त्याच पैशात मोडक्या टोकाचा मोठा कॅबिनेट नग आणि निर्दोष टोकाचा थंबनेल असे दोन पर्याय समोर असतील तर थंबनेल उचला. त्याच्यावर तुमचा डोळा तयार होतो. सुट्या स्फटिकापासून सुरुवात करणं आणखी बरं, कारण तो सगळीकडून बघता येतो, तोलता येतो आणि मॅट्रिक्सच्या गोंदाची भानगडच उरत नाही.

समोरासमोर घेत असाल तर दुकानातल्या दिव्याखालून नग खिडकीच्या उजेडात नेऊन बघायची परवानगी मागा. ऑनलाइन घेत असाल तर हातात धरून फिरवलेला, दिवसाच्या उजेडातला व्हिडिओ मागवा, आणि मागची बाजू व बुडखा यांचे वेगळे फोटो. मग एकच प्रश्न लेखी विचारा: यात जोड, भराव, पॉलिश किंवा तेल काही आहे का? तोंडी उत्तराला पुढे अर्थ राहत नाही. प्रामाणिक विक्रेता असा प्रश्न आला म्हणून चिडत नाही, आणि जो चिडतो त्याच्याकडून घ्यायचं कारण उरत नाही. परतीची मुदत काय तेही त्याच संदेशात विचारून घ्या.

पायरी ७: स्वच्छता, आणि कुठे थांबायचं

कोमट पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश. बहुतेक वेळा एवढंच पुरतं. गरम पाणी नको: आतल्या द्रवाच्या कप्प्यांमुळे अचानक तापमान बदललं तर तडा वाढू शकतो. त्याच कारणाने अल्ट्रासॉनिक यंत्रही टाळा. मॅट्रिक्सवर अभ्रक असेल तर भिजत घालू नका, पानांमध्ये पाणी शिरून ती सुटतात. ब्रश अभ्रकाच्या पानांच्या दिशेनेच फिरवा, उलट फिरवला तर पानं उचलली जातात.

गंजासारखे तांबूस डाग काढायला जुने संग्राहक ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात. बेरिलला त्याने काही होत नाही, पण सोबतच्या कॅल्साइट किंवा अपाटाइटचं वाटोळं होतं, आणि ते विषारी आहे. पहिल्या नगावर हा प्रयोग कशाला? हायड्रोफ्लोरिक ॲसिडचं नावही काढू नका. ते बेरिललाही खातं आणि हाडांपर्यंत पोचणारी इजा करतं.

बेरिलियमचं काय, असा प्रश्न येतोच. अख्खा स्फटिक हाताळण्यात काही धोका नाही. धोका भुकटीचा आहे. घासणं, कापणं, ड्रिल मारणं घरी करायचं नाही, कोरडं तर मुळीच नाही. ती धूळ फुप्फुसांना कायमची इजा करू शकते.

पायरी ८: ठेवण आणि नोंद

ॲक्वामरीनला स्वतःला उजेडाचं वावडं नसतं, सोबतच्या खनिजांना मात्र असू शकतं. धुरकट क्वार्ट्झ आणि गुलाबी फ्लोराइट उन्हात फिके पडतात, म्हणून कपाट थेट उन्हात नको. आतला दिवा एलईडीचा असावा, तापणारा हॅलोजन नको. सुटा स्फटिक टोकावर उभा करायचा मोह आवरा. बुडख्याखाली मऊ खनिज-पुटीचा (नग बसवायच्या चिकट लांबीचा) गोळा लावून त्याला छोट्या बैठकीवर बसवा. उचलताना मॅट्रिक्स धरायचं, स्फटिक नाही. हे एकदा घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना सांगून ठेवा.

प्रत्येक नगाला क्रमांक द्या. मॅट्रिक्सच्या मागच्या बाजूला पॅरॅलॉइड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक राळेचा लहानसा ठिपका द्या, तो वाळला की त्यावर बारीक पेनाने आकडा लिहा आणि वरून आणखी एक थर द्या. हा लेप ॲसिटोनने निघतो, त्यामुळे पुढच्या मालकाचीही सोय राहते. स्फटिकाच्या पैलूवर कधीच लिहू नका. सुट्या स्फटिकाचा क्रमांक डबीवर आणि बैठकीखाली लिहिला की भागतं.

वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये क्रमांकासमोर खनिज, ठिकाण खाणीपासून देशापर्यंत, मापं, वजन, तारीख, कुणाकडून आणि कितीला, हे सगळं घ्या. जोडकाम माहीत असेल किंवा नंतर सापडलं तर तेही, कुठे आणि कसलं यासकट. ठिकाणाबद्दल शंका असेल तर 'विक्रेत्याच्या सांगण्यानुसार' असं शेजारी लिहा. नगासोबत आलेलं जुनं लेबल मळकं, चुकीच्या स्पेलिंगचं, अर्धवट फाटलेलं असलं तरी फेकू नका. स्वतःचं नवं लेबल करा आणि जुनं त्याच डबीत, प्लॅस्टिकच्या छोट्या पाकिटात ठेवा.